किरकोळ दुरुस्त्या

संत्र्यांच्या हातगाडीपुढे उभे राहिले की ते वरचं संत्रं कधीच घेत नसत. बाही कोपरापर्यंत सरकवायची, हात ढिगात खोल खुपसायचा, तळातलं एखादं फळ ओढून काढायचं, देठाकडून नाकाला लावायचं आणि नाक मुरडायचं. तोवर वरची चार-सहा संत्री गडगडत रस्त्यावर गेलेली असायची. गाडीवाला चिडायचा. हे मात्र त्याच्याकडे बघत सावकाश म्हणायचे, "वरचं त सगळेच दाखवते. खालचं दाखव."

तुम्ही पांढुर्ण्याकडचे असाल तर हे सांगायला नको. कॅरेटच्या वरच्या थरात टणक, चकचकीत फळ रचायचं आणि मऊ पडलेलं, डागाळलेलं खाली दडवायचं, ही आमच्याकडची इतकी जुनी रीत आहे की तिला कोणी लबाडीसुद्धा म्हणत नाही. त्यांना मात्र तिची शिसारी होती. राग नव्हे, पोटातून वर येणारी शिसारी. तळातलं सडकं फळ हाताला लागलं की ते बोटं लांब धरून नळ शोधत फिरायचे.

मी सौंसरची. सकाळच्या बसने पांढुर्ण्याला जायचं आणि संध्याकाळी परत यायचं, हा माझा दिवस. ऑफिस स्टेशन रोडवर, एका किराणा दुकानाच्या वर. कंपनीचे साहेब नागपूरला बसतात. आम्ही इथे संत्र्याच्या बागांचं ॲप चालवतो. कोणत्या बागेत फूल आहे, कुठे फळ तोडायला आलं, तोडणाऱ्या बायांची टोळी कधी जाणार, फवारणीचा ट्रॅक्टर कधी पाठवायचा, हे सगळं त्यात असतं. बागवाल्यांचे फोन घेणं हे माझं काम. प्रोग्रॅम लिहिणारे वेगळे, आणि त्यांच्यात वयाने सगळ्यांत मोठे हे, संत्री हुंगणारे. पन्नाशी ओलांडलेले, एकटे राहणारे, अंगात कायम धुतलेला पांढरा शर्ट, आणि चेहरा असा की जणू शेजारीच काहीतरी नासलं आहे. सगळे त्यांना भाऊ म्हणत. मीही म्हणायची.

भाऊंना कशाकशाची किळस यायची याची गणती नाही. बसस्टँडवरचा चहावाला सगळे ग्लास एकाच बादलीत बुचकळतो, म्हणून ते स्वतःचा स्टीलचा ग्लास रुमालात गुंडाळून नेत. चहावाला तो ग्लास पाहिला की हात जोडायचा. नोकरीला लागून मला महिनाही झाला नव्हता तेव्हा मी मोठ्या हौसेने वांग्याची भाजी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी आधी वास घेतला. मग म्हणाले, "भाजी चांगली हाये. डब्याले कालचा वास हाये." चार माणसांत म्हणाले. मी कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलले नाही. घरी येऊन डबा हुंगला तर वास होता, हे आणखीच संतापाचं.

ऑफिसातल्या कोणी नवं काम दाखवायला आणलं, रंगीत चौकटी, फिरणारी चाकं, छान छान बटणं, की भाऊ म्हणायचे, "हे त झालं. खालचं दाखव." मग तो बिचारा आतला कोड उघडायचा. भाऊ वाचत खाली खाली जायचे आणि त्यांच्या नाकपुड्या फुलत जायच्या. एकदा त्यांनी अगदी खऱ्या कुतूहलाने विचारलं होतं, "हे कोनी ओकलं?" ज्याने लिहिलं होतं तो शेजारीच उभा होता.

त्यांचं खरं काम मात्र आमच्या ऑफिसपुरतं नव्हतं. वेबसाइट बांधायला तयार सांगाडा मिळतो, त्याला फ्रेमवर्क म्हणतात. नोंदी साठवायचं कोठार म्हणजे डेटाबेस. या दोघांना एकमेकांचं बोलणं कळत नाही, म्हणून मध्ये एक जोडतुकडा लागतो, तो म्हणजे एक्स्टेंशन. असा एक जोडतुकडा भाऊंनी बऱ्याच वर्षांपूर्वी स्वतःसाठी लिहिला आणि नेटवर सगळ्यांना खुला करून ठेवला. आमचं ॲप त्यावरच चाले. आणि ज्या देशांची नावं मी ऐकलेली नव्हती तिथलेही लोक तो वापरत.

अधूनमधून ते त्याचं नवं व्हर्जन काढत आणि सोबत काय बदललं याची टीप लिहीत. आधी इंग्रजीत, खाली मराठीत. ही टीप वाचण्यासारखी असे. "मागच्या व्हर्जनमध्ये मी घाण करून ठेवली होती. तारीख रिकामी सोडली की पूर्ण ओळ पुसली जायची. आता जात नाही. ज्यांची गेली त्यांना ती परत मिळणार नाही. शिव्या द्यायच्या असतील तर पत्ता खाली आहे." आणि लोक खरोखर देत. वर्षानुवर्षं फुकट वापरणारा कुठला तरी गृहस्थ लिहायचा की तुमच्यामुळे माझी सुट्टी वाया गेली, तुम्हाला लाज वाटायला हवी. मला ते वाचून मळमळायचं. फुकटचं खाऊन वर ताटात थुंकणारी ही जात तुम्हीही कुठे ना कुठे पाहिली असेल. भाऊ मात्र अशांना ओळ-दोन ओळींत उत्तर लिहायचे आणि ग्लास धुवायला उठायचे.

साहेबांना या टिपांचा तिटकारा होता. शनिवारी जामसांवलीच्या हनुमानाचं दर्शन घेऊन ते पांढुर्ण्याला येत. जिन्यात त्यांच्या अत्तराचा वास आधी येई, मग प्रसादाचा पुडा, मग ते. आमच्या ॲपच्या प्रत्येक नव्या व्हर्जनला त्यांनी एकच वाक्य कायमचं लिहून दिलं होतं: किरकोळ दुरुस्त्या आणि सुधारणा. काहीही बदललेलं असो, बाहेर जायचं ते एवढंच. त्यांचं म्हणणं, खरं सांगितलं की गिऱ्हाईक घाबरतं, आणि वाचतं तरी कोण. भाऊ तोंडाला रुमाल लावून विचारायचे, "किरकोळ कोनासाठी?" साहेब हसायचे आणि प्रसाद पुढे करायचे. भाऊ हात धुऊन प्रसाद घ्यायचे.

आता बागेची एक गोष्ट सांगते, म्हणजे पुढचं कळेल. संत्र्याला वर्षातून दोनदा बहार येतो. मृग बहाराचं फूल पावसाळ्याच्या तोंडाशी लागतं आणि त्याचं फळ फेब्रुवारी-मार्चात तोडतात. नेमकं त्याच सुमारास आंबिया बहाराचं फूल फुटतं. आमच्याकडचे कितीतरी बागवाले अर्धी बाग मृगाला ठेवतात, अर्धी आंबियाला. म्हणजे एकाच बागेत एका अंगाला पिकलेलं फळ आणि दुसऱ्या अंगाला पांढरं फूल. यात नवल काही नाही. इथल्या शेंबड्या पोरालाही हे माहीत असतं.

भाऊंकडे जगभरातून एक तक्रार बरेच दिवस येत होती. लोक बटण दोनदा दाबतात आणि एकच नोंद दोनदा होते. त्यांनी त्यावर उपाय काढला. एका नावाची नोंद पुन्हा आली की नवी ठेवायची, जुनी काढून टाकायची. व्हर्जन निघालं. एरवी शिव्या देणाऱ्यांनीही या खेपेला आभार मानले. आमच्या ॲपमध्येही ते बसलं.

फेब्रुवारीत बागवाले आंबियाच्या फुलाची नोंद करू लागले. त्याच बागेच्या नावावर मृगाच्या फळाची नोंद आधीची होती. ती निघून गेली, कोणाला काही न सांगता.

सौंसरच्या अलीकडच्या एका गावात गुंफाबाईची टोळी, दिवस आधीच ठरलेला असल्यामुळे, सकाळीच बागेत तोड्याला शिरली होती. गुंफाबाई म्हणजे त्या भागातली नावाजलेली तोडणारी. देठ किती ठेवायचा हे नव्या पोरींना तीच शिकवायची. थोड्या वेळाने आमचा ड्रायव्हर शंकर फवारणीचा ट्रॅक्टर घेऊन तिथे पोचला. त्याच्या मोबाइलवर त्या बागेत फक्त फूल होतं. फळ नाही, म्हणजे तोडा नाही, म्हणजे आत माणसं नाहीत. टोळी दूरच्या टोकाला, दाट झाडांच्या आड होती. त्याने औषध उडवणारा ब्लोअर सुरू केला. त्या आवाजात आतल्या बायांचं ओरडणं त्याला ऐकू येणं शक्यच नव्हतं.

फोन मी घेतला. पलीकडून आधी कोणीतरी ओकत असल्याचाच आवाज आला. बाकीच्या बाया पळाल्या, विहिरीवर अंग धुऊन सावरल्या. गुंफाबाई शिडीवर होती. औषधाचा फवारा सरळ तिच्या तोंडावर बसला होता.

ती दवाखान्यात असतानाच साहेबांचा फोन आला. स्पीकर चालू होता, त्यामुळे सगळ्यांनी ऐकलं. ड्रायव्हरने बघून मशीन चालू करायला हवं होतं, चूक सरळसरळ त्याची आहे, असं ते म्हणाले. बागमालकालाही तसंच कळवलं होतं आणि शंकरला कामावरून काढलंही होतं. आपण नवं व्हर्जन टाकू, लिहायचं तेच, किरकोळ दुरुस्त्या, विषय संपला. त्यांच्या आवाजात काळजी होती, पण ती गुंफाबाईची नव्हती. मला तो फोन पुसून ठेवावासा वाटला.

सकाळपासून भाऊ पडद्याला नाक लावून बसले होते. दुपारी एकदम उठले, मागच्या गॅलरीत गेले आणि कठड्याला धरून भडाभडा ओकले. मी पाणी घेऊन गेले. त्यांनी माझ्या हातातला ग्लास घेतला, माझा ग्लास, आणि चूळ भरली.

"मीच पुसली ते नोंद," ते म्हणाले. "माह्या घरची बाग दोन बहाराची हाये. लहानपनापासून पाहून राहिलो. दूरदेशच्या मानसाले हे माफ हाये. मले कसं माफ?"

खरं सांगते, त्या वेळी मला त्यांचीही थोडी शिसारी आली. आयुष्यभर दुसऱ्याच्या तळात हात घालणाऱ्या या माणसाने नेमका स्वतःचा तळ पाहिला नाही. पण समोर कठड्याला धरून जो ओकला होता तोही हाच माणूस होता, आणि आता त्याने स्वतःचा तळ पाहिला होता.

गुंफाबाई घरी आल्यावर भाऊ मला म्हणाले, चल. आम्ही बसने गेलो. ती अंगणात खाटेवर पडली होती. हात थरथरत होते. बागमालकाने माणुसकी म्हणून संत्र्यांचं कॅरेट पाठवलं होतं, ते तिच्या लेकीने लांब गोठ्यात नेऊन ठेवलं होतं. जन्मभर संत्री तोडलेल्या त्या बाईला आता संत्र्याच्या सालीचा वास सहन होत नव्हता. वाऱ्याची झुळूक तिकडून आली तरी ती पदर नाकाला लावून ओकाऱ्या काढायची.

भाऊ खाटेजवळ खालीच बसले. शेणाने सारवलेल्या जमिनीवर, पांढऱ्या पँटीत.

"बाई, त्या दिवशी शंकरची चूक नवती," ते म्हणाले. "मोबाइलातली तुमच्या तोड्याची नोंद मी पुसली."

"मुद्दाम?"

"नाई."

"मंग एवढ्या उन्हाचे सांगाले कायले आले?"

भाऊंनी खाली पाहिलं. "तिकडे त्याले किरकोळ लिहून राहिले."

गुंफाबाईने आपल्या थरथरत्या हाताकडे पाहिलं. मग "किरकोळ" एवढंच म्हणाली आणि खाटेच्या बाजूला थुंकली. त्यानंतर तिने लेकीला चहा ठेवायला सांगितलं.

चहा कपात आला. कपाचा कान तुटलेला, कडेला आधीच्या चहाची वाळलेली रेघ. भाऊंनी कप घेतला आणि चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. नाक मात्र मुरडलं गेलंच. ते त्यांच्या हातात नव्हतं. गुंफाबाईला वाटलं साखर कमी पडली. लेकीने आणखी साखर घालून पुन्हा कप भरला, आणि भाऊंनी तोही प्यायला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एक्स्टेंशनचं नवं व्हर्जन काढलं आणि टीप लिहिली. आधी इंग्रजीत, खाली मराठीत, नेहमीसारखी. मागच्या व्हर्जनमध्ये नव्या नोंदीमुळे जुनी खरी नोंद पुसली जात होती, हे लिहिलं. त्यामुळे एका संत्र्याच्या बागेत माणसं आत असताना फवारणी झाली आणि एक बाई मरता मरता वाचली, हेही लिहिलं. ट्रॅक्टर चालवणाऱ्याची चूक नव्हती, माझी होती, असं लिहिलं. आणि शेवटची ओळ अशी: "यंत्रावर विश्वास ठेवू नका. फवारणी सुरू करण्याआधी बागेत जाऊन हाक मारा."

आता विचार करा, ही टीप कुठे लागली होती. जिथे प्रोग्रॅमर लोक काय बदललं ते घाईघाईने चाळतात तिथे. कोणी विचारलं, कसली बाग? कोणी हसणारे चेहरे डकवले. कोणी लिहिलं की इतकं लांबलचक कोण वाचतं, मुद्द्याचं लिहा. अंथरुणावर पडलेल्या एका बाईचं दुखणं त्या टिपेने जगापुढे मांडलं होतं आणि यांना ती लांब वाटली. एकाने मात्र लिहिलं की आमच्या दवाखान्यात औषधांच्या नोंदी याच तुकड्यावर आहेत, ही टीप वाचली म्हणून वेळेवर थांबलो. भाऊंनी फक्त त्यालाच उत्तर दिलं.

साहेब शनिवारपर्यंत थांबले नाहीत, मंगळवारीच आले. प्रसाद नव्हता. टीप काढून टाका म्हणाले. भाऊ म्हणाले, एक्स्टेंशन माझं आहे, टीप राहील. मग नोकरी राहणार नाही, असं साहेब म्हणाले. भाऊंनी खणातून आपला स्टीलचा ग्लास काढला, रुमालात गुंडाळला आणि जिना उतरले. साहेबांनी लगेच खिडक्या बंद करून एसी लावायला सांगितला. दिवसभर त्या खोलीत त्यांच्या अत्तराचा वास कोंडून राहिला होता. संध्याकाळी बसमध्ये बसले तेव्हा माझ्या ओढणीलाही तो येत होता, आणि घरी गेल्यावर मी ती आधी भिजत घातली.

मी तिथेच राहिले. पोट सगळ्यांनाच आहे. पण शंकर त्या टिपेचा मराठी भाग छापून बागमालकाकडे घेऊन गेला. मालकाने ती दोनदा वाचली आणि त्याला आपल्याच बागेत ठेवून घेतलं. भाऊंना त्या प्रकरणात जेवढं सावरता आलं ते एवढंच.

मला ते शेवटचे पांढुर्ण्याच्या बसस्टँडवर भेटले. छिंदवाड्याला बहिणीकडे राहायला निघाले होते. नेहमीच्या गाडीवाल्याने त्यांना पाहिलं, हसत स्वतःच ढिगात हात खुपसला आणि तळातलं एक संत्रं काढून पुढे धरलं. भाऊंनी हुंगलं. नाक मुरडलं नाही. ते माझ्या पिशवीत टाकून म्हणाले, "गाडीतून उतरायच्या आधीच खाऊन घेजो. गुंफाबाईकडे हा वास नेऊ नको." मी दर आठवड्याला तिच्याकडे उतरते हे त्यांना ठाऊक होतं. मी ते बसमध्ये खाल्लं, साली खिडकीतून फेकल्या आणि हात बाटलीतल्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुतले.

त्याच वर्षी छिंदवाड्यात ते गेले. झोपेतच, असं बहिणीने फोनवर सांगितलं. ग्लास धुऊन पालथा घातलेला होता म्हणाली.

एक्स्टेंशन आता दुसऱ्या लोकांच्या ताब्यात आहे. त्यांनी जुन्या सगळ्या टिपा आवरून सुटसुटीत केल्या. भाऊंच्या त्या टिपेच्या जागी आता एवढंच आहे: नोंदी पुसल्या जाण्याची अडचण दूर केली. बाग नाही, बाई नाही, हाक नाही. आणि सध्या जी व्हर्जनं पटापट येतात त्यांच्याखाली काय लिहिलेलं असतं हे तुम्ही ओळखलं असेल. तुमच्या फोनवरही तेच येतं. ते वाक्य दिसलं की माझ्या तोंडाला पाणी सुटतं, ओकारीच्या आधी सुटतं तसं.

या फेब्रुवारीत गुंफाबाईकडे जायला उतरले, तर रस्त्याकडेच्या बागेशी शंकरचा ट्रॅक्टर उभा होता, इंजिन बंद. अर्ध्या बागेत फळ, अर्ध्या बागेत फूल. मोबाइल सीटवर पडलेला. तो झाडांमधून चालत आत गेला होता. आधी या टोकाला आणि मग त्या टोकाला त्याची हाक ऐकू आली, "कोनी हाये का आत?"

आत कोणी नव्हतं. तरी तो थांबला, पुन्हा एकदा हाक मारली, आणि मग बाहेर येऊन मशीन सुरू केलं.